गाठ सापडल्यानंतरचे साठ दिवस

सुरतेत चांगल्या कामाला पैसा उभा राहत नाही, असे कोणी म्हणू नये. कतारगामचे किरण हॉस्पिटल पाटीदार समाजाच्या ट्रस्टने देणग्यांतून उभे केले. एप्रिल 2017 मध्ये त्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला लिंबायत, नवागाम, डिंडोली, उधना, पांडेसरा हा पट्टा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली आपली माणसे तिथे राहतात. त्यांच्यात हिऱ्याचे व्यापारी नाहीत. लूमवर पाळी करणारे, डाइंग मिलमध्ये घाम गाळणारे, रिक्षा चालवणारे असे लोक आहेत. तरीही श्रावणात कानबाई थाटाने बसते आणि भाद्रपदात गल्लोगल्ली गणपती बसतो. पावतीपुस्तक घेऊन चार पोरे निघाली की संध्याकाळपर्यंत मांडवाचे पैसे जमतात. बायकांच्या भिश्या तर बारा महिने चालू असतात, आणि त्यात एक रुपयाची गडबड होत नाही.

त्यामुळे स्तनाच्या कर्करोगासाठी पैसा कसा जमवायचा हा या वस्तीपुढचा खरा प्रश्न नाही. जमलेला पैसा कशाला लावायचा, हा आहे. माझे म्हणणे असे की फलक, गुलाबी फिती, टी-शर्ट आणि चालण्याचे कार्यक्रम यांवर वर्गणीतला पैसा जाऊ नये. बाईच्या हाताला गाठ लागते तो दिवस आणि तिचे उपचार सुरू होतात तो दिवस, यांच्यामध्ये जे आठवडे आणि महिने वाया जातात ते कमी करण्यावर तो मुख्यतः लागावा.

2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा आजार झाला आणि 98 हजारांहून अधिक बायका त्याने गेल्या. अमेरिकेत त्याच वर्षी नव्या रुग्ण जास्त होत्या, पावणेतीन लाखांच्या घरात. मृत्यू मात्र 43 हजारांच्या आसपास. एका वर्षातले नवे रुग्ण आणि त्याच वर्षातले मृत्यू ही माणसे वेगवेगळी असतात, म्हणून ही तुलना काटेकोर नाही. तरी एवढी तफावत दिसली की कारण शोधावेच लागते. आपल्याकडे बाई दवाखान्यात पोहोचते तेव्हा गाठ मोठी झालेली असते, काखेत उतरलेली असते, कधी वरची कातडी फुटलेली असते. आणि पोहोचल्यावरही उपचार पुरे होतीलच असे नाही. बाईला माहीत नसते म्हणून उशीर होतो, असे आपण धरून चालतो आणि म्हणून जागृतीच्या मागे लागतो. मला हे गृहीतकच तपासून पाहावेसे वाटते.

गुलाबी फितीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या एका बाईंनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी घरी बसून फिकट नारिंगी फिती बनवल्या आणि वाटल्या. प्रत्येक फितीबरोबर एक कार्ड असे. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातला फक्त पाच टक्के पैसा प्रतिबंधावर खर्च होतो, तो वाढवा, अशी मागणी त्यावर होती. पुढे एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मागितली. हेलीबाईंनी आपल्या कामाचा बाजार होईल म्हणून नकार दिला. मग रंग बदलून 1992 मध्ये गुलाबी फीत आली आणि जगभर गेली. कार्डावरची मागणी तेवढी मागे राहिली. मूळची फीत पैसा कुठे जावा हे ठणकावून सांगणारी वस्तू होती. आपल्यापर्यंत आली ती फक्त 'मला या आजाराची आठवण आहे' एवढे सांगणारी.

आपल्याकडेही मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी 2012 मध्ये मुंबईत पिंकेथॉन सुरू केली, आणि हजारो बायका घराबाहेर पडून धावू लागल्या. सुरत महापालिकेच्या एप्रिल 2023 मधल्या साडी वॉकथॉनमध्ये बायका साड्या नेसून हजारोंच्या संख्येने रस्त्यावर चालल्या. या दोन्ही गोष्टी मला आवडतात. बाईने मोकळ्या रस्त्यावर मोकळेपणाने चालावे, यात वाईट काय आहे? व्यायामाने आरोग्य सुधारतेच. पण चालण्याच्या कार्यक्रमाने कर्करोग लवकर सापडतो, हे त्यात गृहीत धरू नये. ते वेगळे काम आहे, आणि त्याला वेगळी माणसे आणि वेगळा पैसा लागतो.

सुरतेसारख्या कापडाच्या शहराने एक मोठा प्रयोग मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण तो कापड गिरण्यांतल्या बायकांवरच झाला होता. शांघायमध्ये 1989 पासून 519 गिरण्यांतल्या सुमारे 2 लाख 66 हजार कामगार बायकांचे दोन गट केले गेले. एका गटाला स्वतःचे स्तन स्वतः कसे तपासायचे हे नीट शिकवले, पुन्हा पुन्हा आठवण दिली, देखरेखीखाली करूनही घेतले. दुसऱ्या गटाला यातले काही नाही. दहा वर्षांनी मोजदाद झाली तेव्हा शिकवलेल्या गटात या आजाराने 135 बायका गेल्या होत्या आणि न शिकवलेल्या गटात 131. शिकवण्याने मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठी मात्र जवळपास दुप्पट सापडल्या, आणि तेवढ्या बायकांना विनाकारण सुईला आणि घोर लागण्याला सामोरे जावे लागले. आपण ऑक्टोबरच्या जागृती महिन्यात जी पत्रके वाटतो, त्यांतली बरीचशी आजही हेच शिकवतात.

याचा अर्थ बाईने आपल्या शरीराकडे दुर्लक्ष करावे असा नाही. गाठ लागली, स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्त आले, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडले, तर वय पंचवीस असो की पंचाहत्तर, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला हवे. आणि गाठ दुखत नाही म्हणून ती साधी आहे, हा समज तर मुळापासून काढायला हवा, कारण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. एवढे कळायला दोन मिनिटे पुरतात, आणि वस्तीतल्या बहुतेक बायकांना ते आता कुठून ना कुठून कळलेले आहे. शांघायचा धडा एवढाच की कळण्यावर थांबलेला पैसा जीव वाचवत नाही.

दुसरा प्रयोग आपल्या घरचा आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 1998 मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तो सुरू केला. 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन स्तनतपासणीला तयार केले. यंत्र नाही, नुसता हात. अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत कर्करोग सापडला तेव्हा तो पुढच्या टप्प्यात गेलेला असण्याचे प्रमाण 37 टक्के होते, तपासणी न झालेल्या वस्त्यांत 47. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही.

हाताने तपासायचे म्हणजे काय, हे पाहिले की यातली ताकद कळते. बाईला उताणे झोपवतात, एक हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. तपासणारी मधल्या तीन बोटांची टोके नाही, पेरांचा सपाट भाग वापरते. गळपट्टीच्या हाडापासून खाली स्तनाच्या घडीपर्यंत, पुन्हा वर, अशा उभ्या पट्ट्यांनी ती सरकते. प्रत्येक जागी छोटे वर्तुळ, तेही तीन वेळा: आधी कातडीला लागेल इतके हलके, मग जरा दाबून, मग बरगडीपर्यंत. शेवटी काख आणि गळपट्टीची वरची खळी. घाई न करता केले तर दोन्ही बाजूंना मिळून दहा मिनिटे सहज जातात. घरी साड्यांवर मोती-टिकल्या लावून, धागे तोडून ज्या बायकांची बोटे तयार झालेली आहेत, त्यांच्यातूनच असे हात घडवता येतील, असे मला मनापासून वाटते.

आता मुंबईच्या त्याच प्रयोगातली एक बाजू, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ज्यांच्या तपासणीत काही संशयास्पद लागले त्यांना पुढे रुग्णालयात बोलावले होते, खर्चही त्यांच्यावर टाकला नव्हता. तरी त्यांतला साधारण चौथा हिस्सा पक्क्या निदानासाठी पोहोचलाच नाही. दारापर्यंत आलेली तपासणी झालेली, गाठ आहे हे कानावर पडलेले, नाव-पत्ता लिहून घेतलेला, तरीही. ही गळती अज्ञानाची नव्हे. तिची कारणे घरात शोधावी लागतात.

सुरतेतल्या अशा एखाद्या घरात सकाळी साड्यांचा गठ्ठा येऊन पडतो. कुणी लेसपट्टी लावते, कुणी डिंकाने खडे चिकटवते, कुणी मागचे धागे कापते. मजुरी नगावर असते, साडीमागे ठरलेली. संध्याकाळी गठ्ठा परत गेला नाही तर उद्याचा दुसऱ्या गल्लीत जातो. या बाईला सुट्टी नाही, कारण तिला नोकरीच नाही. सिव्हिलला किंवा महापालिकेच्या स्मीमेरला जायचे तर एक दिवस केस पेपर आणि तपासणी, एक दिवस सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, एक दिवस बायोप्सी, मग अहवालासाठी पुन्हा एक. बायोप्सीच्या तुकड्यावर हार्मोनच्या आणि हर-2 च्या चाचण्या असतात, त्या झाल्याशिवाय औषध ठरत नाही. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते, रिक्षाभाडे जाते, आणि बरोबर यायला कुणाला तरी कामावरून राहावे लागते. दुखत तर नाही. मग दिवाळीची सीझन होऊ दे, पोरीचे लग्न होऊ दे, गावी जाऊन आल्यावर बघू. लाजही असते, घरातल्या मुलींच्या सोयरिकीची भीतीही असते, ते मी नाकारत नाही. पण लाज हे आपण शोधलेले सोयीचे कारण आहे, कारण लाज तिची असते आणि तिच्यासाठी आपल्याला पैसे मोजावे लागत नाहीत. बुडालेल्या मजुरीचे तसे नाही.

त्यात कागदांचा घोळ. रेशन कार्ड नंदुरबारच्या गावी, भाड्याची खोली डिंडोलीत, आधार कार्डावर तिसराच पत्ता. आयुष्मान कार्ड असेल तर गुजरातेत जुलै 2023 पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, महाराष्ट्रात महात्मा फुले योजना आहे. पण तिचे कार्ड कोणत्या राज्यातले, ते कुठे चालेल, आणि निदानाआधीच्या चाचण्यांचे पैसे त्यातून मिळतील का, हे तिला सांगणारे कुणी हवे. बहुतेक विमा योजना रुग्ण दाखल झाल्यावर जाग्या होतात. दाखल होण्याआधीचे दिवस तिचे तिने काढायचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने या आजारासाठी देशांपुढे जी लक्ष्ये ठेवली आहेत, त्यांत एक असे आहे: बाई पहिल्यांदा दाखवायला आली की साठ दिवसांत तिचे निदान पुरे झाले पाहिजे. हे साठ दिवस वस्तीच्या वर्गणीने विकत घेता येतात, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. समजा शंभर घरांनी महिन्याला पन्नास रुपये काढले. वर्षाला साठ हजार होतात. एखाद्या बाईच्या पूर्ण उपचारापुढे ही रक्कम थोडी. पण साठ दिवसांच्या खर्चाचा विचार केला तर पुष्कळ आहे, कारण पन्नाशीपुढच्या हजार बायकांमागे वर्षाला हा आजार निघतो तो एखादीलाच. गाठी निघतील त्याहून खूप जास्त, आणि त्यांतल्या बहुतेक साध्या असतील. म्हणजे निधीतून पैसे जातील ते मुख्यतः बुडालेल्या मजुरीला, भाड्याला, एखाद्या चाचणीची रांग फार लांब असेल तर ती बाहेर करून घ्यायला, आणि ज्या बाईने कागद घेऊन बरोबर जायचे तिच्या मानधनाला. ही बरोबर जाणारी बाई माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. तिला अहिराणी यावी, गुजराती यावी, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते माहीत असावे, आणि अहवाल आला की तो घेऊन तिने घरी जावे. 'मावशी, उद्या सकाळी मी येते, गठ्ठा आज परत पाठवा' असे तिने हक्काने म्हणावे.

हे नवे नाही. बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा नोंदी गोळा करणारे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. नोंद घेता घेता ते लोकांशी बोलत, लक्षणे सांगत, संशय आला तर रुग्णालयाची वाट दाखवत. पुढच्या काही वर्षांत तिथल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या टप्प्यात येऊ लागल्याचे दिसून आले. तिथे ओळखीचा माणूस पुन्हा पुन्हा दारात येत होता. आणि मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटा हॉस्पिटलात उपचारासाठी आलेले बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात, जेवतात. सुरतेहून फ्लाइंग राणीने परळला जाणाऱ्या कुटुंबाला अशा जागेची किंमत विचारावी. स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया केली तर नंतर आठवड्यातून पाच दिवस, असे तीन ते पाच आठवडे किरणोपचाराचे शेक घ्यावे लागतात. राहायला जागा नसेल तर बाई स्तन काढूनच टाकायला सांगते, आणि आपण त्याला तिची निवड म्हणतो.

सुरतेला तर बाहेरचे उदाहरण देण्याचीही गरज नाही. सप्टेंबर 1994 च्या प्लेगनंतर हे शहर सावरले ते आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात, आणि त्यांची पद्धत अगदी साधी होती. वातानुकूलित कचेरीत न बसता अधिकारी रोज सकाळी आपापल्या भागात फिरत, काल सांगितलेले काम आज झाले का ते पाहत. दोनेक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव वर गेले. स्वच्छतेची शपथ तर इतर शहरांनीही घेतली होती. सुरतेत फरक पडला तो रोजच्या पाहणीने.

हे सरकारचे काम आहे, वर्गणीचे नाही, असा आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हावी असे केंद्र सरकारची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या बायकांत अशी तपासणी कधी एकदा तरी झालेल्या निघाल्या 0.9 टक्के, म्हणजे शंभरात एकही नाही. तेव्हा सरकारकडून काम करून घ्यायचे असेल तर हातात काहीतरी हवे. वर्गणी जमवणाऱ्या मंडळाच्या वहीत तारखा हव्यात: गाठ कधी लागली, सिव्हिलला कधी गेली, बायोप्सी कधी झाली, अहवाल कधी आला. अशा वीस बायकांच्या तारखा नावे झाकून नगरसेवकापुढे आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांपुढे ठेवल्या, तर त्यांना उत्तर द्यावे लागते. मोर्चाला आश्वासन देऊन परत पाठवता येते, तारखांना नाही. वर्गणीने सरकारची जागा घेऊ नये, तिने सरकारवर नजर ठेवावी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वस्तीत एखादी तरुण आई शेवटच्या टप्प्यात असते, तिच्यासाठी मोबाईलवर आवाहन फिरते, दोन दिवसांत लाखभर जमतात, आणि आपण सगळे देतो. देऊ नये असे मी कधीही म्हणणार नाही. कुणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही आणि म्हणू नये. पण तो पैसा ज्याचे दुःख दिसते त्याच्याकडे जातो. साठीची सासू, जिच्या गाठीविषयी सुनेलाही ठाऊक नाही, तिचा फोटो कुणी फिरवत नाही. मुंबईचा प्रयोग सांगतो की तपासणीचा सर्वांत जास्त उपयोग तिलाच आहे. गणपतीच्या मांडवात आरोग्य शिबिर लागते तेव्हा रांगेत कॉलेजच्या मुली दिसतात. त्यांच्या आयांना आणि आज्यांना घरातून उठवून आणणे, हे मंडळाच्या पोरांना सांगून होणारे काम आहे. आईला तपासणीला आणले तरच पावती फाडू, असा प्रेमाचा हट्ट धरला तरी चालेल.

निधीचा एक भाग मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवावा, शस्त्रक्रिया, केमो आणि शेक सगळे संपल्यानंतरच्या काळासाठी. कितीतरी बायकांच्या गाठी हार्मोनवर वाढणाऱ्या असतात, आणि त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज, किमान पाच वर्षे घ्यायची असते. गोळी महाग नाही. पण बरे वाटू लागलेले असते, केस परत आलेले असतात, गठ्ठे पुन्हा सुरू झालेले असतात, आणि गोळीने अंगातून गरम वाफा निघतात म्हणून ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बंद होते. किंवा नवऱ्याची पाळी सुटते, कुटुंब गावी परत जाते, आणि शहाद्याच्या आसपासच्या खेड्यात ती गोळी मिळत नाही. तिथे दर महिन्याला तीस गोळ्यांचे पाकीट पोहोचते करायला आणि फोन करून 'घेतली का' विचारायला कोणताही ट्रस्ट बसलेला नाही. कानबाईच्या वर्गणीला गावची माणसेही सुरतेत पैसे पाठवतात आणि सुरतेची गावात. ताप्ती लाइनवर रोज कुणी ना कुणी ओळखीचे जातेच. त्याच्या हाती पाकीट देता येईल, आणि वहीत पाच वर्षे, म्हणजे साठ महिने, साठ खुणा करता येतील.